खाचरातले पत्रे: बालीतल्या एका पाण्याच्या वाटणीचं प्रकरण

डिसेंबर 2025 मध्ये बाली बेटावरच्या जातिलुविह गावात शेतकऱ्यांनी आपल्याच भातखाचरांत पत्रे उभे केले. जस्ताचे, चकचकीत, छपरावर घालतात तसले. त्या पत्र्यांना पाऊस अडवायचा नव्हता, गुरंही हाकायची नव्हती. उन्हात ते चमकावेत, दुरून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांवर तिरीप यावी आणि त्याचा फोटो बिघडावा, एवढंच त्यांचं काम होतं.

त्याआधी काही दिवस प्रांतिक विधिमंडळाच्या एका समितीने गावात येऊन भातजमिनीवर उभ्या राहिलेल्या उपाहारगृहांना आणि इतर बांधकामांना सील ठोकलं होतं. कारण नियमाला धरून होतं. जातिलुविह 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि संरक्षित खाचरात बांधकाम करता येत नाही. पण सील लागलेल्यांत गावच्याच लोकांच्या खानावळी होत्या. खाली दक्षिणेत परक्या पैशाचे व्हिला शेतातच उभे राहतात आणि इथे आमच्या चार टेबलांवर हातोडा, असा राग उसळला.

मी ही बातमी वाचली तेव्हा आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मालाचा भाव मिळाला नाही म्हणून उत्पादकाने माल अडवून धरावा, तसाच हा संप आहे. इथला माल म्हणजे देखावा. हिरव्या पायऱ्यांचा तो डोंगर निसर्गाने घडवलेला नाही. बांध घालणाऱ्या, पाट उपसणाऱ्या, चिखलणी करणाऱ्या माणसांनी तो घडवला आहे आणि दर हंगामाला पुन्हा घडवतात. भात हे त्यांचं उत्पादन, देखावा हे जोडउत्पादन. भाताला ठरलेला भाव मिळतो. देखावा मात्र हॉटेलवाला विकतो, विमान कंपनी विकते, व्हिलाचा दलाल विकतो. ही विक्री होते कशी आणि तिच्यात शेतकऱ्याचा वाटा कुठे गळतो, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

लाकडातली खाच

सुबक म्हणजे एका पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांची संघटना. ती किमान हजार वर्षं जुनी असावी. गाव वेगळं, सुबक वेगळं. एका अंगणात वाढलेले दोन भाऊ दोन सुबकांचे सभासद असू शकतात, कारण सभासदत्व घरावरून ठरत नाही, शेताला पाणी कुठून येतं त्यावरून ठरतं. प्रमुखाला पेकासेह म्हणतात. नियमांची स्वतःची संहिता असते, तिला आविग-आविग म्हणतात. पाट साफ करायला कोण येणार, न आल्यास दंड किती, लावणी कधी सुरू होणार, हे सगळं तिच्यात आणि सभेत ठरतं.

या व्यवस्थेचा सगळ्यात सुंदर भाग म्हणजे एक ओंडका. पाट जिथे फुटतो तिथे आडवं लाकूड बसवतात, पूर्वी बहुधा नारळाच्या खोडाचं, आता पुष्कळदा सिमेंटचं. त्याला तेंबुकू म्हणतात. त्यात ठरावीक रुंदीच्या खाचा पाडलेल्या असतात. जितकी रुंद खाच, तितका त्या बाजूच्या शेतांचा हक्क. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, आटलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात आटतं. मीटर नाही, नोंदवही नाही. शंका आली तर कुणीही बांधावर बसून वीत लावून पाहावं.

पाणी उंचावरच्या सरोवरांतून आणि डोंगरातल्या झऱ्यांतून येतं, बोगद्यांतून आणि दऱ्यांतून उतरतं. वाटेवर प्रत्येक टप्प्याला जलमंदिर असतं. बातूर सरोवराच्या देवीचं, देवी दानूचं, मंदिर त्यात सगळ्यात वरचं. या देवळांत नैवेद्यासोबत वेळापत्रकही ठरतं. कोणत्या खोऱ्याने आधी लावणी करायची, कुणी पंधरवडा थांबायचं, कुणी रान पडीक ठेवायचं.

हे वेळापत्रक किती नाजूक आहे हे एकदा मोडून पाहिलं गेलं. 1970 च्या दशकात हरितक्रांतीची बियाणी आली, वर्षाला जास्तीत जास्त पिकं घ्या असा सरकारी आग्रह आला. आपापल्या सोयीने लावणी सुरू झाली, पडीक काळ संपला आणि तपकिरी तुडतुडे एका शेतातून दुसऱ्या शेतात न थांबता फिरू लागले. कीटकनाशकांनी ते आवरेनात. 1980 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यातली शेतं संगणकावर मांडली. उत्तर साधं निघालं. सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने मर्जीप्रमाणे केली तर कीड मरत नाही. मधलं, पाणीही पुरवणारं आणि किडीला उपाशीही मारणारं प्रमाण होतं जवळपास तेच, जे जलमंदिरं पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आली होती.

त्या प्रसंगातून शिकण्यासारखं एकच आणि ते पुढे सतत लागणार आहे. सुबक शेजाऱ्यावर उभा असतो. शेजारी राहिला तर तो टिकतो.

पाहुण्यांसाठी कुंपण

बालीत बेफाम पर्यटन आलं ते कुणी विचारच केला नाही म्हणून, असा एक समज आहे. उलट आहे. विचार फार झाला.

1966 मध्ये सानुरच्या किनाऱ्यावर जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून दहा मजली हॉटेल उभं राहिलं. नारळीच्या वर डोकं काढणारी ती इमारत पाहून लोक हबकले आणि नियम झाला की यापुढे कोणतंही बांधकाम माडाच्या उंचीपेक्षा, म्हणजे साधारण 15 मीटरपेक्षा, वर जाणार नाही. 1969 मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. 1971 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने फ्रेंच सल्लागारांनी बृहद् आराखडा केला. त्यातली कल्पना हुशारीची होती. बेटाच्या दक्षिण टोकाला बुकित नावाचं कोरडं, चुनखडीचं पठार आहे, तिथे भात होत नाही. हॉटेलं तिथे, नुसा दुआला, एका जागी बांधायची. पाहुण्यांनी तिथे राहायचं, दिवसा ठरलेल्या रस्त्यांनी देवळं आणि नाच बघून रात्री परत यायचं. भातशेती वाचेल, संस्कृतीला धक्का लागणार नाही आणि परकीय चलन येईल.

नुसा दुआचं पहिलं मोठं हॉटेल उघडायला 1983 उजाडलं. तोवर पाहुण्यांनी कुणाची वाट पाहिली नव्हती. कुताच्या कोळीवाड्यात आणि उबुदच्या वाड्यांत लोकांनी घरातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पुढे 1988 मध्ये प्रांताने पर्यटनासाठी एकऐवजी पंधरा क्षेत्रं जाहीर केली, 1993 मध्ये ती एकवीस झाली. कुंपण संपलं.

इथे एक पेच आहे आणि तो मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड वाटतो. कुंपणातल्या बड्या हॉटेलांनी शेतं वाचवली, पण त्यांचा नफा बहुतांशी जकार्ताला आणि परदेशी गेला. गावात सुटलेल्या पर्यटनाने पैसा गावात ठेवला, निदान सुरुवातीला, पण शेतं खाल्ली. स्थानिकांना वाटा हवा आणि जमीनही राहायला हवी या दोन्ही मागण्या आपण एका दमात करतो. बालीचा अनुभव असा की त्या एकमेकींच्या आड येतात. जातिलुविहच्या पत्र्यांमध्ये नेमका हाच पेच चमकत होता.

तीस आरांचा हिशोब

बालीत जमीन ‘आर’मध्ये मोजतात. सातबाऱ्यावर दिसतो तोच आर, शंभर चौरस मीटरचा. त्यांच्याकडे तो डचांमार्फत आला. लहान शेतकऱ्याकडे तीस-चाळीस आर खाचर असतं. तीस धरू.

हेक्टरी उतारा साधारण सहा टन. म्हणजे तीस आरांत एका हंगामाला 1.8 टन भात. 2025 च्या जानेवारीत सरकारने भाताचा खरेदीभाव किलोला 6,500 रुपिया केला. एका हंगामाचे झाले 1 कोटी 17 लाख रुपिया, दोन पिकांचे 2 कोटी 34 लाख. (शून्यांनी दचकू नये, रुपियाचं मोल फार कमी आहे.) यातून नांगरट, खत, मळणी, मजुरी वजा जाते. कसणारा मालक नसेल तर पिकातला मोठा वाटा मालकाचा. त्याच वर्षी दक्षिणेतल्या, हॉटेलांनी भरलेल्या बाडुंग जिल्ह्यातलं किमान वेतन महिन्याला सुमारे 35 लाख 34 हजार रुपिया होतं, म्हणजे वर्षाला 4 कोटी 24 लाख. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या मुलीची कमाई बापाच्या शेताच्या ठोक उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट.

आता तिसरा आकडा. चांगूसारख्या चलतीच्या भागात एका आराचं एका वर्षाचं भाडं दोन-तीन कोटी रुपियांच्या घरात जातं. तीस आर वर्षभर कसून जे ठोक हातात येतं, तेवढं एक आर नुसता भाड्याने देऊन मिळतं. शिवाय ही रक्कम पंचवीस-तीस वर्षांची एकदम आगाऊ. 1960 च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला इंडोनेशियात पूर्ण मालकी मिळत नाही. म्हणून एकतर दीर्घ मुदतीचा करार करतात, नाहीतर कुणा स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन मागच्या दाराने मालक होतात. हा दुसरा मार्ग कायद्याला मान्य नाही आणि तरी चालतो.

असा प्रस्ताव आल्यावर शेतकऱ्याने नाही म्हणावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर आपली हौस भागवणं. मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, वडिलांचा अंत्यविधी (बालीतले दहनविधी खर्चाचे असतात, कुटुंबं त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात) हे सगळं त्या एका सहीने सुटतं. त्याचा निर्णय शहाणपणाचाच आहे.

वेडेपणा सुरू होतो सहीनंतर, आणि तो त्याच्या शेतात होत नाही, शेजारच्या शेतात होतो. भराव पडतो. पाट कुंपणभिंतीच्या आत येतो, मग पाइपात जातो, मग बांधकामाच्या राड्याने तुंबतो. खालच्या खाचरांना पाणी उशिरा आणि कमी पोहोचतं. पाट उपसायला येणाऱ्या माणसांत एक कमी होतो, देवळाच्या वर्गणीतही. उंदीर आणि पाखरं तेवढीच, शेतं कमी, म्हणून उरलेल्यांवर त्यांचा भार जास्त. दुपारी तीननंतर दुमजली इमारतीची सावली पिकावर पडते. जमिनीवरचा कर आकारताना आजूबाजूचा भाव धरला जातो, म्हणून भात पिकवणाऱ्यालाही व्हिलाच्या दराची नोटीस येऊ शकते. बाडुंगने तर शेतजमिनीला या करातून सूट दिली, ती याच ओरडीमुळे. पहिल्याने जमीन दिली ती पैशासाठी. तिसरा-चौथा देतो तेव्हा त्याच्या शेताला पाणीच धड येत नसतं.

कुळाने कसणाऱ्याचं तर कुठे नावच नाही. करार मालकाशी होतो, पैसे मालकाला मिळतात, कूळ दुसऱ्या दिवशी बांधकामावर मजुरी शोधतो. तिथेही जावा आणि लोम्बोकहून आलेले कमी मजुरीवाले आधीच उभे असतात.

गंमत अशी की त्या व्हिलाची जाहिरात ‘भातशेताचं दृश्य’ या शब्दांवर चालते. पहिल्या व्हिलाला ते चारी बाजूंनी मिळतं, पाचव्याला एका खिडकीतून.

नाच अंगणात किती आत यावा

संस्कृतीच्या बाबतीत मात्र नेहमीचं रडगाणं इथे लागू पडत नाही. बालीत धर्म ओसरलेला नाही. पानाच्या द्रोणातला फुलांचा नैवेद्य, चानांग सारी, दररोज उंबरठ्यावर, दुचाकीवर, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवला जातो. न्येपी या मौनाच्या नववर्षदिनी विमानतळ चोवीस तास बंद असतो आणि 2018 पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. जगातलं इतकं गजबजलेलं पर्यटनस्थळ वर्षातून एक दिवस पाहुण्याला खोलीबाहेर पडू देत नाही, हे मला त्या समाजाच्या ताकदीचं लक्षण वाटतं. पैशाने सण छोटे झाले नाहीत, उलट थाटाचे झाले.

शिवाय ‘अस्सल’ काय, हा प्रश्नही सरळ नाही. पाहुण्यांना सगळ्यात आवडणारा केचक, शेकडो पुरुषांच्या तोंडी तालावर चालणारा रामायणाचा खेळ, 1930 च्या दशकात जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीज आणि नर्तक वायान लिंबाक यांच्या खटपटीतून आकाराला आला. मूळ तालघोष देवाच्या अंगात येण्याच्या विधीतला होता.

बालीच्या जाणत्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. 1971 मध्ये त्यांनी परिसंवाद भरवून नाचांची तीन गटांत वाटणी केली: देवळाच्या गाभ्याकडच्या अंगणातले वली, मधल्या अंगणातले बेबाली आणि बाहेरचे, केवळ पाहण्यासाठीचे बालिह-बालिहान. पाहुण्यांसमोर फक्त तिसरे. कागदावर चोख व्यवस्था. आणि मग पेंडेटचं झालं ते पाहण्यासारखं आहे. पेंडेट हा देवांच्या स्वागताचा नाच, मुली फुलं उधळतात. तो पाहुण्यांच्या स्वागताला वापरला जाऊ लागला, तेव्हा देवाचा मान माणसाला नको म्हणून त्याच धर्तीवर पान्येम्ब्रामा हा नवा स्वागतनृत्याचा प्रकार बसवला. काही वर्षांत तोच मुलींना इतका सरावाचा झाला की त्या देवळातही पान्येम्ब्रामाच नाचू लागल्या. पाहुण्यासाठी केलेला नाच देवापुढे गेला. याला ऱ्हास म्हणावं की जिवंतपणा? मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी आहे, वेळेत. बालीचा धर्म हा माणसांच्या हजेरीवर चालतो. बंजारचं म्हणजे वाडीचं काम, देवळाची सेवा, सुबकाची सफाई, या सगळ्याला प्रत्यक्ष यावं लागतं. हॉटेलची पाळी दोनशे दहा दिवसांच्या पावुकोन पंचांगाला ओळखत नाही. मग माणूस दंड भरतो आणि कामावर जातो. दंड भरता येतो म्हणून कुणाची तक्रार नसते, पण पाटातला गाळ दंडाच्या नोटांनी निघत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये बेरावाच्या किनाऱ्यावर पुरोहित विधी करत होते आणि मागे एका बीच क्लबची आतषबाजी चालू होती. ती चित्रफीत बेटभर फिरली, संताप झाला. मंदिरात उघड्याने फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना हद्दपार केल्याच्या बातम्याही येत राहतात. त्या खऱ्या आहेत, पण माझ्या मते त्या या प्रकरणाचं केंद्र नाहीत. उर्मट पाहुण्याला परत पाठवता येतं. सभ्य पाहुण्याच्या पोहण्याच्या तलावाचं काय करायचं?

पाणी एका जिल्ह्याचं, कर दुसऱ्याचा

राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या पाडावानंतर 1999 च्या विकेंद्रीकरण कायद्याने परवानग्या आणि कर जिल्ह्यांच्या हातात गेले. हॉटेल-उपाहारगृहांवरचा दहा टक्के कर जिल्ह्याला मिळतो. कुता, चांगू, नुसा दुआ, सगळं बाडुंगमध्ये, म्हणून बाडुंग श्रीमंत. बातूर सरोवर बांगली जिल्ह्यात आणि भाताचं कोठार तबानानमध्ये, तिथल्या तिजोऱ्या हलक्या. बाडुंग आपल्या उत्पन्नातून शेजाऱ्यांना मदत देतं, पण ती मदत आहे, हक्क नाही. तेंबुकूतल्या खाचेने जे साधलं, वरच्याला आणि खालच्याला एकाच मापाने बांधणं, तशी खाच करव्यवस्थेत कुणी पाडलेलीच नाही.

2011 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मादे मांगकू पास्तिका यांनी दक्षिणेत नवी तारांकित हॉटेलं थांबवायचा आदेश काढला. जिल्हाप्रमुखांनी तो मनावर घेतला नाही. आणि का घ्यावा? परवानगी त्यांची, कर त्यांना. पुढे 2018 पासून परवाने केंद्राच्या ऑनलाइन यंत्रणेतून निघू लागले आणि जिल्ह्यांचाही हात सैल झाला. 2024 मध्ये केंद्रानेच दक्षिणेत बांधकामबंदीचा विचार जाहीर केला.

महासाथीने या सगळ्याची कसोटी घेतली. 2019 मध्ये बालीत सुमारे 63 लाख परदेशी पाहुणे आले होते. 2021 च्या अख्ख्या वर्षात अधिकृत नोंद आहे 51 जणांची. लाख नाहीत, हजार नाहीत, एकावन्न माणसं. 2020 मध्ये बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून जास्त आकसली. वेटर, वाहनचालक, मालिशवाल्या गावी परतल्या. ज्यांच्या घरी खाचर उरलं होतं त्यांनी लावणी केली, नुसा लेंबोंगानला लोक पुन्हा समुद्रशेवाळाच्या शेतीकडे वळले. ज्यांनी खाचर दिलं होतं त्यांच्याकडे परतायला घर होतं, शेत नव्हतं. सुबक हा पडत्या काळातला विमा होता आणि त्याचा हप्ता कुणीच मोजला नव्हता. 2024 मध्ये पाहुण्यांचा आकडा पुन्हा 63 लाखांवर गेला, भारतीय त्यात ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल, आणि ती आठवण मागे पडली.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. बालीची राजधानी देनपसार, तिच्याजवळचा सुवुंग कचराडेपो 2023 च्या ऑक्टोबरमध्ये दिवसचे दिवस जळत होता. पावसाळ्यात कुताच्या वाळूवर प्लास्टिकचा थर येतो, 2017 मध्ये तर कचरा आणीबाणी जाहीर करावी लागली. 2019 पासून एकदा वापरायच्या पिशव्यांना बंदी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये एका रात्रीच्या पावसाने देनपसारमध्ये पूर आला, डझनाहून जास्त माणसं गेली. तुंबलेला कचरा आणि गेलेली शेतं यांकडे सरकारनेच बोट दाखवलं. खाचर हे शेवटी पाणी अडवून धरणारं उथळ तळं असतं. हजारो तळी बुजवली की पाणी रस्त्यावर येणार.

खाडी वाचली ती का

काही जिंकलंही गेलं आहे. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने बेनोआ उपसागरात भराव टाकून पर्यटननगरी उभारण्याची वाट मोकळी झाली. विरोधात विद्यार्थी आले, गाणारे पंक तरुण आले आणि मग एकामागून एक देसा अदत, पारंपरिक ग्रामसंस्था, उतरल्या. खाडीतल्या पवित्र जागांची यादी झाली, पारंपरिक वेशात मोर्चे निघाले. 2018 मध्ये परवान्याची मुदत संपली आणि 2019 मध्ये मत्स्यमंत्री सुसी पुजियास्तुती यांनी उपसागराला संवर्धनक्षेत्राचा दर्जा दिला.

मग हीच माणसं खाचरं का वाचवू शकली नाहीत? माझं उत्तर असं: खाडी एका झटक्यात जाणार होती, सगळ्यांची जाणार होती आणि घेणारा एक होता. खाचर आर-आराने जातं. प्रत्येक वेळी ते कुणाचं तरी स्वतःचं असतं, आणि देणाऱ्याची अडचण गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असते. त्याच्या दारात मोर्चा कोण नेणार?

फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून 1,50,000 रुपिया संस्कृती आणि पर्यावरणासाठी घेतले जातात. पहिल्या वर्षी निम्म्यांनीही भरले नाहीत, कारण विमानतळावर कुणी सक्तीने अडवत नव्हतं. पण वसुली सुधारली तरी प्रश्न राहतो. हा पैसा पाटापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार? मला यातला कळीचा मुद्दा रकमेचा वाटत नाही. शेतकऱ्याला एकट्याला अनुदान देऊन काही होणार नाही, दोन-तीन कोटींच्या भाड्याशी कोणतंही अनुदान झुंजू शकत नाही. पैसा सुबकाला, एका पाटाला मिळून, मिळायला हवा, आणि एका सभासदाने जमीन दिली तर सगळ्यांचा हप्ता घटेल अशा अटीवर. मग शेजाऱ्याच्या सहीवर शेजाऱ्याचं लक्ष राहील. कटू आहे, पण पाणी तसंच वाटलं जातं. त्याचबरोबर जातिलुविहसारख्या ठिकाणी गावाला आपल्या घरात, खाचराबाहेर, खानावळ चालवायची जागा आखून द्यावी लागेल. नुसतं सील ठोकून उपासमारीचा वारसा जपला जाईल.

2000 च्या आसपास पंचवीस-तीस वर्षांच्या बोलीने दिलेल्या जमिनींचे करार आता एकेक करून संपत आहेत. कागदाप्रमाणे जमीन मूळ घराण्याकडे परत येईल. तीस आर, त्यावर दुमजली इमारत, एक निळा तलाव आणि भिंतीखाली पाइपात कोंडलेला पाट. वारसांपैकी कुणाच्या मनात आलंच की पुन्हा भात लावावा, तर त्याला आधी पेकासेहकडे जाऊन विचारावं लागेल, वरच्या तेंबुकूत आपल्या खाचरांची खाच अजून आहे का.